पाण्याखालचं पातं



या मालिकेत आपण जात्याचा इतिहास ऐकला, मोटेचा ऐकला, शिलाई मशीनचाही ऐकला. आजची वस्तू तुमच्या-आमच्या कुणाच्याच घरात नाही. तरी तिच्यावर बोलायचं ठरलं, कारण प्रश्न तुमच्यातूनच आला. एका गटाच्या बैठकीला आठवी-नववीतल्या काही मुली आईबरोबर आल्या होत्या. त्यांनी टीव्हीवर ऑलिंपिकमधला एक खेळ पाहिला होता. लांब फळी, फळीवर उभं केलेलं शीड, आणि शिडाची दांडी धरून पाण्यावरून सुसाट निघालेली बाई. त्यांनी विचारलं, "हे आपल्या वरवंडच्या तळ्यात चालंल का?" बाया हसल्या. एक जण म्हणाली, "आधी तळ्यात पाणी किती ते बघा."

ती चेष्टेनं म्हणाली, पण बोलली अगदी मुद्द्याचं. या खेळाला विंडसर्फिंग म्हणतात. आपण सोयीसाठी 'शिडाची फळी' म्हणू. ही फळी कुठं चालेल आणि कुठं माणसाला घेऊन आपटेल, हे वरच्या रंगीत शिडावर ठरत नाही. ते ठरतं खाली, पाण्यात बुडालेल्या एका पात्यावर. त्या पात्याला फिन म्हणतात, म्हणजे माशाचा पर. टीव्हीवर ते दिसत नाही, म्हणून आज त्याचाच इतिहास सांगतो.

आधी ते पातं कशाला लागतं ते बघू. हौदात रिकामी परात सोडा आणि तिच्यावर फुंकर मारा. परात कुठं जाते? फुंकर नेईल तिकडं. गोल गोल फिरते, आडवी सरकते. तिला स्वतःची दिशा नसते. आता औत आठवा. फाळ जमिनीत असला की औत बाजूला सरकत नाही, सरळ पुढं जातं. फाळ वर उचलला की तेच औत कुठंही फरफटत नेता येतं. फळीच्या खालचं पातं म्हणजे पाण्यातला फाळ. वारा फळीला आडवं ढकलतो, पातं पाण्याला धरून 'आडवं जाऊ देणार नाही' म्हणतं. दोन्हीकडून दाब आला की फळीला पुढं निसटण्यावाचून वाट राहत नाही. ओल्या साबणाची वडी दोन बोटांत दाबली की कशी सुळकन पुढं पळते, तसंच. म्हणून तर शिडाची होडी वारा असेल त्याच दिशेला नाही, आडव्या वाऱ्यातही जाते, आणि नागमोडी वळणं घेत वाऱ्याच्या तोंडावरही चढते.

पण फाळाला जी अडचण तीच पात्याला. खाली खडक लागला की औताला हिसका बसतो. उथळ पाण्यात पातं तळाला लागलं की फळी जागच्या जागी थांबते, आणि तिच्यावरचं माणूस थांबत नाही. खोल पातं धरून ठेवतं पण अडकतं. आखूड पातं अडकत नाही पण धरतही नाही. यातून माणसांनी वेगवेगळ्या मुलखांत वेगवेगळी वाट काढली.

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, आजच्या इक्वेडोर आणि पेरूच्या बाजूला, युरोपातली जहाजं पोचण्याच्या आधीपासून लोक हलक्या लाकडाचे ओंडके बांधून तराफे करत आणि त्यावर शीड लावत. ओंडक्यांच्या फटींतून ते फळ्या खाली पाण्यात खोचत. कुठली फळी किती खाली, कुठली वर, यावर तराफा वळवत. किनारा जवळ आला की फळ्या वर ओढायच्या. नेदरलँड्सचा समुद्र आणि खाड्या उथळ. तिथल्या होड्यांच्या दोन्ही कुशींना बैलाच्या झापडीसारखी एकेक मोठी फळी टांगलेली असे. हवी ती बाजू पाण्यात सोडायची, गाळ लागला की उचलायची. सपाट तळाची होडी असूनही तिला वाऱ्यावर धरता येत असे.

आणि आपल्याकडे? आपल्याकडची गोष्ट तर शिवाजी महाराजांच्या आरमाराची आहे, आणि ती याच प्रश्नाभोवती फिरते. अलिबागजवळ थळ गाव आहे. त्याच्यासमोर समुद्रात खांदेरी नावाचं बेट. मुंबईच्या बंदरात येणारं-जाणारं जहाज तिथून दिसतं. १६७९ च्या ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात, महाराजांची माणसं मायनाक भंडारी यांच्या हाताखाली या बेटावर उतरली आणि तटबंदी बांधायला लागली. मुंबईच्या इंग्रजांना हे परवडणारं नव्हतं. त्यांनी बेटाची नाकेबंदी करायला जहाजं पाठवली. सप्टेंबरमध्ये बेटावर उतरण्याचा त्यांचा एक प्रयत्न फसला, त्यात त्यांचा अधिकारी मारला गेला. ऑक्टोबरमध्ये मोठी लढाई झाली. मराठ्यांच्या बाजूला दौलतखानाच्या हाताखाली पन्नास-साठ लहान गलबतं, इंग्रजांकडे 'रिव्हेंज' हे मोठं लढाऊ जहाज आणि त्याच्यासोबत लहानमोठी सात. इंग्रजांचं 'डव्ह' मराठ्यांच्या हाती लागलं. पण 'रिव्हेंज' तोफा डागत टिकून राहिलं, आणि मराठ्यांची गलबतं माघारी खाडीकडं वळली.

आता ऐका, कारण खरी गंमत इथं आहे. समोरासमोरच्या तोफांच्या लढाईत मोठं जहाज भारी ठरलं. पण नाकेबंदी काही लागू झाली नाही. रोज रात्री थळच्या आणि नागावच्या बाजूनं लहान होड्या निघत. धान्य, दारूगोळा, चुना, माणसं बेटावर उतरवत आणि उजाडायच्या आत परत खाडीत. इंग्रज अधिकाऱ्यांची तक्रार हीच होती की या होड्या आपल्या हाती लागत नाहीत. का लागत नव्हत्या? मोठ्या जहाजाला पाणी खोल लागतं. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला पाणी कमी. तिथं मोठं जहाज गेलं की तळ टेकून बसणार. गलबत मात्र हलकं, सपाट, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. गुराब त्याहून मोठी, तरी तीही रुंद आणि उथळ बांधणीची, थोड्या पाण्यावर तरंगणारी. वारा पडला तर मोठं जहाज जागेवर डुलत राही, गलबत वल्ह्यांवर निघून जाई. शेवटी १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी तडजोड केली आणि खांदेरी मराठ्यांकडंच राहिली.

हे सांगताना आम्हाला अभिमान वाटतो, तो लपवत नाही. पण हलक्या तळाची दुसरी बाजूही आहे. खाली फारसं काही नसलेली होडी आडव्या वाऱ्यात घसरते, आणि भर समुद्रात मोठ्या लाटांपुढं तिचं काही चालत नाही. म्हणून ते आरमार किनाऱ्याच्या, खाड्यांच्या आसऱ्यानं लढलं. पात्यानं जी पकड मिळाली असती ती वल्ही मारणाऱ्या हातांनी भरून काढली. कोळी आणि भंडारी लोकांना आपल्या खाडीचा तळ घराच्या अंगणासारखा माहीत होता, कुठं वाळू, कुठं खडक, कुठल्या भरतीला किती पाणी. त्या माहितीवरच ही होडी बांधलेली होती.

आता दोन-अडीचशे वर्षं पुढं येऊ आणि फळीकडं वळू. प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर लोक फार पूर्वीपासून लाकडी फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येत. त्या फळीला खाली काही नव्हतं, वळवायचं तर पाय पाण्यात घालून वळवायचं. १९३५ साली टॉम ब्लेक नावाच्या माणसानं मोडीत काढलेल्या एका वेगवान बोटीच्या तळाचं पातं घेतलं आणि आपल्या फळीच्या शेपटाला खालून बसवलं. फळी एकदम सरळ धावायला लागली. आज जगातल्या लाटांवरच्या बहुतेक सगळ्या फळ्यांना खाली फिन असतं, त्याची सुरुवात ही अशी भंगारातून झाली.

फळीवर शीड कुणी लावलं, यावर मात्र बरीच भांडणं झाली, कोर्टापर्यंत गेली. इंग्लंडमध्ये १९५८ साली पीटर चिल्व्हर्स या बारा वर्षांच्या पोरानं समुद्रकाठी स्वतःसाठी एक शिडाची फळी बनवली होती. अमेरिकेत १९६४ साली न्यूमन डार्बी यांनी नदीवर चालवायला एक फळी केली, पतंगासारखं चौकोनी शीड लावून. त्यांची पत्नी नेओमी या कामात त्यांच्यासोबत होती, आणि जगात शिडाच्या फळीवर उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्या बायकांत तिचं नाव घेतलं जातं. ती फळी कशी बनवायची हे डार्बींनी १९६५ च्या ऑगस्टमध्ये एका मासिकात छापून टाकलं, पण तिचं पेटंट काही घेतलं नाही. मग कॅलिफोर्नियात जिम ड्रेक हे विमानांचे इंजिनिअर आणि त्यांचे मित्र हॉयल श्वाइट्झर यांनी १९६८ साली पेटंटचा अर्ज केला. हॉयल आणि त्यांची बायको डायेन यांनी धंदा उभा केला. १९८५ मध्ये इंग्लंडच्या वरच्या कोर्टात खटला चालला तेव्हा त्या बारा वर्षांच्या पोराची फळी पुरावा म्हणून उभी राहिली आणि तिथलं पेटंट रद्द झालं. पोरांनी काठकुट्या जोडून केलेल्या खेळण्याला हसू नये, ते असं कोर्टात उपयोगी पडतं.

या पहिल्या फळ्यांना मधोमध एक खाच असे. त्या खाचेतून एक लाकडी पातं खाली सोडायचं. ते सागवानी असे, आणि शिडाची धरायची दांडीही सागवानी. काठाशी आलं की पातं उपसून काढायचं. म्हणजे तराफ्यांच्या फटीतली तीच जुनी युक्ती. पुढं फळ्या हलक्या झाल्या, जोराच्या वाऱ्यात पाण्यावर उचलून धावायला लागल्या, तेव्हा मधलं पातं नकोसं झालं. धावत्या फळीला मागच्या टोकाचं लहान फिनच पुरतं, कारण वेग वाढला की लहान पातंही पाण्याला घट्ट धरतं. मंद वाऱ्यात फळी हळू चालते, शीड मोठं लागतं, मग पातंही लांब लागतं. शिकणाऱ्यांच्या फळीला आजही दोन्ही असतात, मागं लहान फिन आणि मधे वर-खाली होणारं पातं.

ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९८४ साली पुरुषांसाठी आला. बायकांची वेगळी स्पर्धा यायला १९९२ साल उजाडलं. पहिलं सुवर्ण न्यूझीलंडच्या बार्बरा केंडल यांनी घेतलं, आणि पुढच्या दोन ऑलिंपिकमध्येही त्या पदकाशिवाय परतल्या नाहीत. त्यांच्या भावानं चार वर्षं आधी याच खेळात सुवर्ण घेतलं होतं.

आपल्या मुंबईतही एका बाईनं शिडाच्या होडीत इतिहास केला आहे, तो आपल्याकडं फार कमी सांगितला जातो. १९८२ चे आशियाई खेळ दिल्लीचे म्हणून आपण ओळखतो, पण शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. तिथं एका प्रकारात भारताच्या फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्ण घेतलं. दुसऱ्या प्रकारात सुवर्ण मिळालं पाकिस्तानच्या एका पारशी जोडप्याला, बैराम आवारी आणि त्यांची पत्नी गोश्पी. आशियाई खेळात सुवर्ण घेणारी गोश्पी ही पाकिस्तानची पहिली बाई. नवरा-बायको एका होडीत, दोघांनी एकमेकांचं ऐकलं म्हणूनच जमलं असणार! त्यांची एंटरप्राइज होडी दोन माणसांची, चार मीटर लांब, आणि तिलाही मधोमध वर-खाली होणारं पातं.

हे सगळं समुद्राचं झालं. आपल्या पाण्याचं काय? आपल्या वरवंडच्या तळ्याला व्हिक्टोरिया तलाव म्हणतात, नावावरूनच तो कुठल्या राणीच्या काळातला ते कळतं. त्यात येणारं पाणी मुठा कालव्यानं खडकवासल्याहून येतं. त्याच खडकवासल्याच्या जलाशयाकाठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, आपण जिला एनडीए म्हणतो. तिथल्या पीकॉक बे या भागात छात्रांना शिडाच्या होड्या शिकवतात. २०२२ साली या प्रबोधिनीत पहिल्यांदा मुली दाखल झाल्या, आणि ३० मे २०२५ ला सतरा मुली शिक्षण पुरं करून बाहेर पडल्या. म्हणजे ज्या पाण्यावर त्या मुली शिकल्या तेच पाणी पुढं कालव्यानं आपल्या उसाला येतं. तेव्हा मुलींनी प्रश्न विचारला त्यात वेडेपणा काही नव्हता.

पण खडकवासल्याचं पाणी खोल, आपलं तळं उथळ. आणि टीव्हीवर जी फळी दिसली ती पाण्यावर टेकतच नव्हती, हवेत चालली होती, हे मुलींनीही पाहिलं असेल. तिच्या खाली साधं फिन नसतं. एक उभा खांब आणि त्याला खाली विमानासारखे पंख असतात. वेग आला की ते पंख फळीला उचलतात. तो खांब ९५ सेंटीमीटरचा. आपल्या मापात दोन हातांहून जास्त. पंख धरून कमरेच्या वर पाणी हवं, आणि पडायला त्याहून जास्त. त्याआधीच्या ऑलिंपिकमध्ये जी फळी होती तिचं बायकांचं फिन साठ सेंटीमीटर, म्हणजे हात आणि वर पाऊण वीत. गुडघाभर पाण्यात तेही चालत नाही. वारा कमी आणि पाणी उथळ, अशा ठिकाणी शिकायचं तर फिन वीतभरच हवं, फार तर दीड वीत. आखूड असून पकड यावी म्हणून ते बुडाशी रुंद केलेलं असतं. शिवाय ते सरळ खाली नसावं, कोयत्याच्या पात्यासारखं मागं झुकलेलं असावं. सरळ पात्याला गवत आणि जलपर्णी गुंडाळली जाते आणि फळी जड होते, झुकलेल्या पात्यावरून शेवाळ मागं घसरून जातं. तळाचा धक्का लागला तरी झुकलेलं पातं त्यावरून सरकायचा प्रयत्न करतं. मधलं पातं वर घेता येणारं हवं, आणि ते वर येतं का हे काठावरच बघून घ्यायचं.

इतकं करूनही सगळ्यात चांगलं फिन तळ्याचा तळ दाखवत नाही. इथून पुढचं ऐका, फळी आयुष्यात कधी दिसणार नसली तरी.

उथळ पाणी म्हणजे बिनधोक पाणी, असं आपण पोरांना नकळत शिकवतो. "आत जाऊ नको, काठाला खेळ," म्हणतो. पण आपल्याकडच्या तळ्यांचा काठ सारखा नसतो. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत अनेक तलावांतला गाळ शेतांत गेला. शेतांचं भलं झालं. पण जिथून जेसीबीनं गाळ उचलला तिथं खड्डे राहतात, आणि आवर्तन सुटून तळं भरलं की ते पाण्याखाली जातात. एक पाऊल गुडघाभर, पुढचं पाऊल डोक्यावरून. काठाच्या वेड्या बाभळी तोडल्या तरी बुडखे तसेच राहतात. जुनी जाळी असतात. आणि उपशाच्या मोटारी, त्यांच्या केबली. कुठं सांधा उघडा असेल तर पाण्यातच करंट उतरतो. अशा ठिकाणी ना कपडे धुवावेत, ना पोरांना सोडावं. फळीचं शीड तर चार-चार मीटर उंच असतं आणि त्याची काठी ॲल्युमिनियमची किंवा कार्बनची, दोन्हीतून वीज जाते. वरून तार गेलेली असेल तिथं ती उभी करणं म्हणजे जिवाशी खेळ.

शिकवणारे लोक नवख्यांना कमरेपासून छातीपर्यंतच्या पाण्यात उतरवतात. उभं राहता येतं, आणि पडलं तरी तळ लागत नाही. गुडघाभर पाण्यात फळीवर चढायचं नसतं. पडताना डोकं पुढं करून पडायचं नाही, पाठीवर किंवा बसल्यासारखं सपाट पडायचं, आणि वर येताना हात डोक्यावर धरायचे, कारण शीड मागून येतं. उथळ पाण्यात सूर मारल्यानं मान मोडते. हे फळीवाल्यांपेक्षा आपल्या पोरांना जास्त लागू आहे, कालव्याच्या पुलावरून आणि पंपाच्या भिंतीवरून उड्या मारणाऱ्यांना. मान दुखावली असेल तर त्याला ओढून बसवू नका. पाण्यावरच उताणं धरा, डोकं आणि अंग एका रेषेत ठेवा, माणसं जमवा आणि १०८ ला फोन करा.

वाऱ्याचंही तसंच. काठावर उभं राहून मूठभर माती सोडायची. माती काठाकडून पाण्याकडं गेली तर उतरायचं नाही, कारण तो वारा माणसाला आत नेतो आणि परत आणत नाही. आणि आभाळ भरून वळीव यायची चिन्हं असली तर कुठल्याच होडीत बसायचं नाही. २१ मे २०२४ ची संध्याकाळ आपण विसरलेलो नाही. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडं येणारी होडी उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्यात सापडून बुडाली. सहा जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. एक जण पोहून काठाला लागला. आपल्यातल्या कितीतरी जणींची माहेरं त्या काठाला आहेत, त्यामुळं यावर जास्त बोलवत नाही. इतकंच सांगतो, होडीत बसताना अंगावर लाइफ जॅकेट मागायला लाजू नका. नसेल तर घट्ट झाकणाचा रिकामा कॅन छातीशी बांधा. जॅकेटची बरोबरी त्याला नाही, पण नसण्यापेक्षा बरा. आणि होडी किंवा फळी उलटली तरी तरंगत असेल तर तिला सोडायचं नाही. काठ जवळ दिसतो तितका जवळ नसतो.

बुडणाऱ्याला वाचवायला आपण पाण्यात उडी घ्यायची नाही, पोहता येत असलं तरी. बुडणारा मिठी मारतो आणि दोघं जातात. काठी पुढं करा, दोर टाका. दोर नसेल तर लुगडं आहे. तामिळनाडूत पेरंबलूर जिल्ह्यात ऑगस्ट २०२० मध्ये धरणावर कपडे धुवायला आलेल्या तीन बायकांनी बुडणारी पोरं पाहिली. त्यांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या. चौघांपैकी दोघं त्या साड्यांना धरून बाहेर आले. सरकारनं त्या तिघींना कल्पना चावला पुरस्कार दिला. आपली नऊवारी आठ मीटरची, सहावारी साडेपाचची, दोन पदर एकमेकांना गाठ मारली की दहा मीटरच्या वर दोर झाला. टोकाला ओली गाठ मारा, म्हणजे लांब जाते. फेकणारीनं आडवं पडून फेकायचं, नाहीतर तीच ओढली जाते. बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, पोट दाबणं, कुंभाराच्या चाकावर फिरवणं यातलं काही करू नका. श्वास नसेल तर तोंडानं श्वास द्या, छाती दाबत राहा आणि दवाखान्याची गाडी बोलवा.

तर मुलींनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तळं पाटबंधारे खात्याचं आहे, त्यांच्या परवानगीशिवाय आणि शिकवणाऱ्याशिवाय फळी उतरवता येणार नाही. शिकायचं असेल तर आधी पोहायला शिका, आणि आयांनो, तुम्हीही शिका, आता वय झालं म्हणू नका. मात्र एक काम परवानगीची वाट न बघता करता येईल. उन्हाळ्यात तळं खाली गेलं की गटातल्या चार-पाच जणींनी काठानं चालत जावं, चिखलात न उतरता. खड्डे कुठं आहेत, बुडखे कुठं, केबल कुठून जाते, हे बघून ठेवावं आणि काठावर त्या-त्या समोर दगडांना चुना लावावा. एक सरळ बांबू घ्या. त्याला बुडापासून दर वितीला तेलरंगाचा पट्टा काढा, सगळ्यात लहान पोराच्या कमरेच्या वर येणारा भाग सगळा लाल. जिथं बाया कपडे धुतात तिथं तो बांबू कायम ठेवायचा. पाणी आलं की पोरांना सोडण्याआधी काठावरून, पाय घट्ट रोवून, तो पुढं टोचून बघायचा. लाल भाग भिजला तर तिथं पोरं नाहीत.